किती-किती?

नागपूरहून सांगलीला महाराष्ट्र एक्सप्रेसनं यायला जवळपास एक अख्खा दिवस आणि रात्र जाते. २०१० साली मी चौदा वर्षांची होते आणि नागपूरला एका राज्यस्तरीय बॅडमिंटन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले होते. मॅच बावीस मिनिटं चालली. बाबा पतसंस्थेत कॅशियर. त्यांनी मार्चअखेरची जमवून ठेवलेली बदली रजा या स्पर्धेसाठी टाकली होती. स्लीपरच्या खालच्या बर्थवर आम्ही समोरासमोर बसलो होतो, मधे किटबॅग. वर्धा गेलं, बडनेरा गेलं. भुसावळला त्यांनी केळी घेतली, दोन मला दिली. मनमाडच्या अलीकडे बाहेर पूर्ण अंधार झाल्यावर ते म्हणाले, "तिचा बॅकहँड कच्चा होता. तुला दिसलं नाही?"

दिसलं होतं. पण दिसणं आणि त्या बाजूला शटल नेऊन टाकता येणं यात जे अंतर असतं, तेच तर मला नागपुरात कळलं होतं. हे चौदाव्या वर्षी सांगता येत नाही. मी "हं" म्हटलं आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपल्याचं सोंग घेतलं.

गेली काही वर्षं मी खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांवरचे सिनेमे आणि पुस्तकं जरा वेड्यासारखी बघत-वाचत आलेय. त्यातल्या बहुतेकांकडे मी एकाच प्रश्नानं जाते: यात परतीचा प्रवास आहे का? फायनल सगळ्यांकडे असते. स्लो मोशन असतं, तिरंगा असतो, घाम असतो. पण हरलेल्या पोराला घेऊन घरी येणारा बाप किंवा आई, आणि त्यांच्या मधे पडलेली ती किटबॅग, ही गोष्ट कुणी सांगतं का?

सुरुवात अर्थातच 'दंगल'पासून करायला हवी, कारण तो मी बाबांसोबत पाहिला. डिसेंबर २०१६. नोटाबंदीचे दिवस, पतसंस्थेत बाबांची त्रेधा उडालेली, तरी त्यांनी स्वतःहून तिकिटं काढली होती. मी वीस वर्षांची होते, खेळणं सोडून चार वर्षं झाली होती. शेवटी राष्ट्रगीताची धून सुरू झाली आणि शेजारी बाबा रडायला लागले. आवाज न करता, चष्मा काढून. मला तेव्हा राग आला. कशाचा, ते कळायला हा सिनेमा मला आणखी तीन-चार वेळा बघावा लागला.

नितेश तिवारींचा हा सिनेमा कारागिरीत पक्का आहे, त्यात वाद नाही. महावीरसिंग फोगाट नावाचा हरियाणातल्या बलाली गावचा पैलवान, ज्याचं स्वतःचं पदकाचं स्वप्न नोकरीपायी राहून गेलं, तो आपल्या मुलींना आखाड्यात उतरवतो. पहिल्या तासातलं एक दृश्य तर मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत खरं वाटतं. गीता तिची पहिली कुस्ती एका मुलाशी खेळते आणि हरते. रात्री तिला झोप लागत नाही. उठून ती बापाला विचारते, पुढचा दंगल कधी? त्या क्षणी आमिर खानच्या चेहऱ्यावर जे येतं ते जिंकण्याहून मोठं आहे. पोरगी हरली आणि तिला पुन्हा जायचंय. खेळणाऱ्या मुलाच्या पालकाला याहून जास्त काय हवं असतं? सिनेमा इथे काही क्षण खरंच हरण्याकडे बघतो.

मग तो नजर फिरवतो. गीता पतियाळाच्या अकादमीत जाते, केस वाढवते, नखांना पॉलिश लावते, मैत्रिणींसोबत फिरते आणि हरायला लागते. पुढे फोनवर बापाजवळ रडून माफी मागते, केस पुन्हा कापते, आणि जिंकायला लागते. म्हणजे इथे हरण्याचं कारण समोरची पैलवान नाही, वजनगट नाही, आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या कुस्तीचा वेग नाही. हरणं ही बापाच्या शब्दाबाहेर गेल्याची शिक्षा आहे. पोथीतल्यासारखं: उतलीस, मातलीस, घेतला वसा टाकलास. मनमाडच्या अलीकडचं ते वाक्य याच घराण्यातलं होतं, एवढंच की बाबांचा सूर मवाळ होता. तुला दिसलं नाही, म्हणजे तू लक्ष दिलं नाहीस, म्हणजे हा पराभव तू केलास.

या सिनेमातलं सगळ्यात धाडसी दृश्य म्हणजे गीता आखाड्यात खुद्द बापाला हरवते ते. वय झालेला, धाप लागलेला माणूस मातीत पडतो. इथे एक मोठा सिनेमा होऊ शकला असता. पोर आईबापांपेक्षा बलवान होतं तो दिवस प्रत्येक घरात येतो. पैलवानाच्या घरात तो सगळ्यांसमोर येतो, इतकंच. त्या दिवशी बाप हरला की जिंकला? पण दिग्दर्शकाला या प्रश्नात रस नाही. तो लगेच धाकटीच्या तोंडून थोरलीला कानपिचक्या देतो आणि गीताचा तो विजय तिच्याच अपराधांच्या यादीत टाकतो.

दुसरं एक दृश्य सगळ्यांना आवडतं आणि मला खटकतं. मुली बापाच्या जाचाला कंटाळलेल्या असतात, तेव्हा त्यांच्याच वयाची एक मैत्रीण, जिचं त्याच रात्री लग्न लागतंय, ती म्हणते की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. बस्स, तक्रार संपली. त्या नवरीचं दुःख खरं आहे, तिथल्या कित्येक मुलींचं खरं आहे. पण सिनेमा ते दुःख कशासाठी वापरतो बघा. समोर बालविवाह ठेवला की पहाटे पाचचा जाच आपोआप प्रेम ठरतो. आमच्याकडे याचीच सौम्य आवृत्ती होती: "शेजारच्यांच्या मुलीला रॅकेट तरी मिळते का बघ."

आणि फायनल. खरी फायनल, २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतली ५५ किलो गटातली, गीता फोगाटनं बऱ्यापैकी सहज जिंकली होती. सिनेमात ती शेवटच्या सेकंदापर्यंत ताणली आहे, ते ठीक. सिनेमाला तेवढी मुभा असते. बापाला खोलीत कोंडण्याचा प्रसंगही कल्पित आहे. तोही चालेल, किंबहुना तीच या पटकथेतली सर्वांत हुशार गोष्ट आहे: मुलगी एकटी जिंकायला हवी, म्हणून बापाला कुलूप. पण ती एकटी जिंकत नाहीच. ऐन क्षणी तिला आठवतो तो बापच. कोंडलेला असूनही तोच जिंकतो. त्याला निकाल कळतो तो राष्ट्रगीतातून, आणि नेमके तिथेच माझे बाबा रडले होते.

फायनलच्या आदल्या रात्री महावीर गीताला सांगतो, त्याचा मथितार्थ असा की रौप्य मिळालं तर लोक आज ना उद्या विसरतील, सुवर्ण मिळालं तर तू उदाहरण होशील. चित्रपटगृहात यावर टाळ्या पडल्या होत्या. मला नंतर कधीतरी कळलं की त्याच दिल्लीच्या स्पर्धेत गीताच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं, बबितानं, ५१ किलो गटात रौप्य मिळवलं होतं. त्याच बापाची, त्याच मातीतली पोर. विसरण्याजोग्या पदकाची धनीण घरातच होती. तिचा परतीचा प्रवास कसा झाला असेल, यावर सिनेमाच काय, एक वाक्यही नाही.

मला राग आला होता तो याचा. बाबांना रडू आलं ते महावीरसाठी, म्हणजे स्वतःसाठी. ज्या बापाची पोरगी जिंकली त्याचं सगळं माफ झालं होतं, आणि माझ्यामुळे बाबांचं माफ व्हायचं राहून गेलं होतं. मी गीता झाले असते तर पहाटेची प्रॅक्टिस, बंद केलेली चित्रकला, न पाहिलेली लग्नं ही सगळी दूरदृष्टी ठरली असती. मी पहिल्या-दुसऱ्या फेरीतली खेळाडू होते, म्हणून तो नुसता खर्च ठरला. फेदर शटलचे डबे, गटिंग, कोचची फी, प्रवास. बाप तोच, मेहनत तीच. फरक फक्त निकालाचा.

आता दुसऱ्या टोकाचा सिनेमा घेऊ. 'किंग रिचर्ड', २०२१. व्हीनस आणि सेरेना विल्यम्सचे वडील रिचर्ड यांच्यावरचा, रेनाल्डो मार्कस ग्रीनचा. याच भूमिकेसाठी विल स्मिथला ऑस्कर मिळालं (त्याच रात्रीची ती थप्पडच लोकांच्या लक्षात राहिली, हा या सिनेमाचा दुर्दैवयोग). रिचर्डही हट्टी, बडबड्या, स्वतःच्या प्रेमात पडलेला. मुली जन्मण्याआधीच त्यानं त्यांच्यासाठी लेखी योजना केलेली. कॉम्प्टनच्या पब्लिक कोर्टवर, आजूबाजूला टोळ्यांची दहशत असताना, तो मुलींना शिकवतो. इथपर्यंत महावीरचाच भाऊ.

पण तो एक गोष्ट करतो जी आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धात्मक पालकाला वेडेपणा वाटेल. मुलगी जिंकत असताना, जोरात जिंकत असताना, तो तिला ज्युनिअर स्पर्धांमधून काढून घेतो. शाळा करू दे, पोर राहू दे. कोच चक्रावतात. सिनेमात त्याच्या या हट्टामागे जेनिफर कॅप्रियाटीची सावली आहे. ती १९९० मध्ये, चौदा वर्षंही पुरी नसताना, व्यावसायिक झाली आणि १९९४ मध्ये अमली पदार्थाच्या प्रकरणात तिला अटक झाली. पुढे कॅप्रियाटी परतली, तीन ग्रँड स्लॅम जिंकली, पण ते या गोष्टीनंतरचं. रिचर्डनं बघितला तो टीव्हीवरचा तिचा अटकेतला चेहरा.

आणि हा सिनेमा संपतो पराभवावर. १९९४, ओकलंड. चौदा वर्षांची व्हीनस तिची दुसरीच व्यावसायिक मॅच खेळतेय, समोर जगातल्या पहिल्या दोन-तीनांतली अरांता सांचेझ विकारिओ. व्हीनस पहिला सेट ६-२ घेते, दुसऱ्यात ३-१ पुढे जाते. मग विकारिओ टॉयलेट ब्रेक घेते, चांगला लांबलचक, आणि परतल्यावर सामना फिरतो. २-६, ६-३, ६-०. शेवटचा सेट भोपळा. दंगलवाल्यानं ही मॅच निवडलीच नसती. त्यानं पहिलं विम्बल्डन निवडलं असतं.

यानंतरची पाच-सात मिनिटं मी किती वेळा पाहिली असतील, मोजलं नाही. पोरगी खचलेली. बाप तिच्या बॅकहँडबद्दल बोलत नाही, टॉयलेट ब्रेकबद्दलही बोलत नाही. तो तिला तिनं काय केलं ते सांगतो. मग ते बाहेर येतात आणि बाहेर लोक तिच्यासाठी थांबलेले असतात. परतीचा प्रवास! अखेर एका सिनेमात.

तरीही पूर्ण नाही. कारण लगेच पडद्यावर अक्षरं येतात, व्हीनसचा पुढचा करार कितीचा झाला, किती विम्बल्डन जिंकली, सेरेनानं काय केलं. म्हणजे हा पराभव आपल्याला गोड लागतो, कारण तो तारण ठेवून दिलेला पराभव आहे. व्याजासकट परत मिळाल्याची पावती सोबत जोडलेली आहे. शिवाय दोघी बहिणी या सिनेमाच्या कार्यकारी निर्मात्या आहेत. जिंकलेल्या मुलींनी बापाला दिलेली ही भेट आहे, आणि भेट म्हणून ती छान आहे. कॉम्प्टनमध्ये त्याच काळात अशीच योजना लिहिलेल्या, पण पोरगी दुसऱ्या फेरीपुढे न गेलेल्या बापावर कुणी कार्यकारी निर्माता व्हायला येणार नाही.

या सिनेमाची एक बाजू मात्र 'दंगल'पेक्षा कितीतरी मोठी आहे, ती म्हणजे आई. ओरासीन स्वयंपाकघरात उभी राहून रिचर्डला सुनावते की मुलींना घडवणारा तू एकटा नाहीस, त्यांची सर्व्हिस मी दुरुस्त केली, डबल शिफ्ट मी केल्या. 'दंगल'मधली आई वर्षभराची मुदत देते आणि पदराआड जाते. आमच्या घरात हरल्यावर बाबांशी माझं बोलणं बंद व्हायचं, तेव्हा आमच्या दोघांच्या ताटात वाढणारी आई होती. हरण्याचं सगळं घरकाम तिच्याकडे. बाबा बाहेरच्या खोलीत, मी आतल्या, आणि ती मधल्या दारात उभी राहून दोघांना ऐकू जाईल असं विचारायची, "आमटी गरम करू का?"

आंद्रे अगासीचं 'ओपन' हे आत्मचरित्र २००९ मध्ये आलं. त्यातला बाप, इराणसाठी १९४८ आणि १९५२ची ऑलिंपिक खेळलेला बॉक्सर, लास व्हेगासच्या वाळवंटात घरामागे कोर्ट बांधतो आणि चेंडू फेकणाऱ्या यंत्रापुढे सात वर्षांच्या पोराला उभं करतो. पोरगं त्या यंत्राला ड्रॅगन म्हणतं. पुस्तक भरभरून लिहावं असं आहे, पण मला इथे त्यातला एकच फोन हवाय. १९९२, अगासी विम्बल्डन जिंकतो, पाच सेटमध्ये, गोरान इव्हानिसेविचला हरवून. त्याचं पहिलंच ग्रँड स्लॅम. तो बापाला फोन लावतो. पलीकडून काय येतं? चौथा सेट तू घालवायला नको होतास. (तो सेट ६-१ गेला होता, बापाचं निरीक्षण चूक म्हणता येणार नाही.) मग पलीकडून येतो नाक ओढल्याचा आवाज. बाप रडतोय.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून जरा वेळ बसून राहिले. मला वाटायचं की हरलं म्हणून बाबा बॅकहँडबद्दल बोलले. जिंकले असते तर नसते बोलले. अगासीच्या बापानं ती समजूत मोडली. चौथ्या सेटची ही भाषा निकालावर अवलंबूनच नसते. काही माणसांना प्रेमासाठी दुसरी भाषा येत नाही, एवढीच येते: गुण, सेट, चूक. बाबांची पद्धत आठवली. त्यांनी मला फोनवर "जिंकलीस का?" असं कधीच विचारलं नाही. ते विचारायचे, "किती-किती?" स्कोअर. जिंकले-हरले हे ते आकड्यांवरून काढायचे आणि त्याहून बरंच काही काढायचे. एकवीस-नऊ म्हणजे पाय हलले नाहीत. एकवीस-अठरा म्हणजे शेवटी घाई केली. पण ही भाषा समजून घेणं एक, आणि चौदाव्या वर्षी ती ऐकणं वेगळं. अगासीनंही हे तीन दशकं मोठा झाल्यावर लिहिलं, तोवर तो ते यंत्र घेऊनच जगत होता.

अरविंद अडिगाची 'सिलेक्शन डे' ही २०१६ची कादंबरी (नेटफ्लिक्सची मालिका तिच्यापुढे फिकी आहे, कादंबरीच वाचा) आपल्या अंगणातली. दहिसरच्या झोपडपट्टीतला चटणी विकणारा मोहन कुमार, त्याची राधा आणि मंजू ही दोन मुलं, आणि मुंबईचं शालेय क्रिकेट. मोहननं जाहीर करून टाकलंय: राधा जगातला सर्वोत्तम फलंदाज होणार, मंजू दुसरा सर्वोत्तम. क्रम ठरलेला आहे. आणि घडतं काय, तर धाकटा थोरल्याच्या पुढे जातो. आता बापानं काय करायचं? त्याचाच मुलगा जिंकतोय आणि त्याचीच भविष्यवाणी हरतेय. शिवाय धाकट्याला विज्ञान आवडतं, क्रिकेट त्याला नुसतं येतं. जिंकणं आणि ते हवं असणं या दोन गोष्टी एकाच पोरात नसल्या तर, हा प्रश्न बाकी कुठल्याही कलाकृतीत मला इतक्या टोकदारपणे भेटला नाही. अडिगाचा उपहास कधीकधी माणसांना कार्टून करून टाकतो, मोहन कुमार बऱ्याचदा फक्त विचित्र नियम सांगणारा विदूषक राहतो, ही माझी तक्रार आहे. पण शेवटी वर्षं पुढे जातात आणि मंजू काही तारा झालेला नसतो, तो आपल्यासारखाच एक माणूस असतो ज्याला एके काळी खूप चांगलं खेळता यायचं. हे लिहायला हिंमत लागते.

मोहन कुमारची गोष्ट वाचताना मला कल्याणची आठवण येत राहिली. ४ आणि ५ जानेवारी २०१६. भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेनं ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासून टिकलेला ६२८ धावांचा विक्रम मोडला. वडील रिक्षाचालक, म्हणून बातम्यांना आयतं शीर्षक मिळालं. सगळं जग आलं, मुंबई क्रिकेट संघटनेनं महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. आणि मग जे बहुतेक मुलांचं होतं ते झालं: धावा आटल्या. २०१७ मध्ये वडिलांनीच संघटनेला कळवलं की मुलाचा खेळ होत नाहीये, शिष्यवृत्ती थांबवा.

ही बातमी आतल्या पानावर दोन-तीन परिच्छेदांत आली होती. मला ती या सगळ्या सिनेमांपेक्षा मोठी वाटते. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला महिना दहा हजार म्हणजे काय, ते सांगायला नको. तो गप्प बसला असता तर कुणी विचारायला येणार होतं का? त्याच्या मनात नक्की काय होतं, अभिमान, ओझं, की पोराच्या मानेवरचा तो चार आकडी दगड उतरवायची घाई, हे बाहेरून कळणार नाही. पण हरण्याला बापानं स्वतःच्या सहीनं हरणं म्हटलं आणि त्यात पोराला शिव्या नव्हत्या. महावीर, रिचर्ड, मोहन, तिघांपैकी कुणी असं पत्र लिहिलेलं मला दिसत नाही.

याच सामन्याची दुसरी बाजू कुणी विचारली नाही. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. त्यात बरीचशी लहान मुलं होती, असं तेव्हाच छापून आलं होतं. दोन दिवस ती पोरं उन्हात चेंडू आणत होती, १४६५ धावा होईपर्यंत. त्यांच्याही आया डबे घेऊन आल्या असतील. एक डाव आणि १३८२ धावांनी हरलेल्या बारा वर्षांच्या पोराला स्कूटरवर मागे बसवून घरी नेताना बोलायचं काय? या विषयावर सिनेमा काढायचा तर मी तिकडून काढीन.

आणि हो, आपल्याकडे हरण्या-जिंकण्यात एक तिसरीच गोष्ट असते, जिची या कुठल्याच कलाकृतीला गंधवार्ता नाही. सर्टिफिकेट. दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. गॅलरीत बसलेले पालक पदकाबद्दल बोलतात त्यापेक्षा जास्त 'राज्य खेळलं की किती', 'डीएसओचं धरतात का', 'सहभागाला काही आहे का' हे बोलतात. याला कुत्सितपणे हसणं सोपं आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्याकडे झालीच आहेत. पण सांगली-कोल्हापूरकडच्या पतसंस्थेतल्या कॅशियरला पोरीचं ऑलिंपिक खरोखर दिसत असतं का? त्याला एवढंच हवं असतं की या सगळ्या पहाटांमधून काहीतरी कागदावर उरावं. माझ्या आईनं माझी सगळी सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात चादरींखाली ठेवली आहेत. मी गेल्या वर्षी नोकरी बदलत होते, खासगी कंपनीत, डिझाइनचं काम. आईनं फोनवर विचारलं, "फाइल पाठवू का कुरिअरनं? बघ, कुठे लागत असेल तर."

हे सगळं मला पाठ आहे, कुठल्या सिनेमात बाप कुठे चुकतो तेही. मग गेल्या महिन्यात माझी भाची, दादाची मुलगी, तेरा वर्षांची, जिल्हास्तरीय स्पर्धेला उतरली. दादाला सुट्टी नव्हती, वहिनीची परीक्षेची ड्यूटी. मी सांगलीत होते, म्हणून मी गेले. गॅलरीत आजूबाजूला सगळे मोबाइल उभे धरून शूटिंग करत होते. मीही केलं. एक बाई प्रत्येक पॉइंटला पुटपुटत होती, एक काका उठून हॉलबाहेर जाऊन आले. माझी छाती इतकी धडधडत होती की मी स्वतः खेळायचे तेव्हाही धडधडली नसेल. आपल्या हातात रॅकेट नसताना हे बघणं काय असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नागपूरच्या हॉलमध्ये बाबांनी ती बावीस मिनिटं कशी काढली असतील!

भाची दोन गेममध्ये हरली. दुसरा गेम चांगला चालला होता, सतरा-सतरापर्यंत आली होती. तिथून सलग चार पॉइंट गेले. मला कारण दिसलं होतं. ती शॉर्ट सर्व्हिस करत राहिली आणि समोरची त्यावर वाट बघून होती.

बाहेर येऊन आम्ही स्कूटरवर बसलो. मी ठरवलं होतं काय बोलायचं ते. 'किंग रिचर्ड'ची ती शेवटची पाच-सात मिनिटं माझी पाठ आहेत. विश्रामबागच्या सिग्नलला थांबलो आणि मी म्हणाले, "सतरा-सतराला एक तरी लॉंग सर्व्हिस टाकायची ना गं."

मागून काही आवाज आला नाही. सिग्नल सुटला. जरा पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "आत्या, भेळ खायची का?"

भेळेच्या गाडीवर असताना फोन वाजला. बाबांचा. रिटायर होऊन चार वर्षं झाली, आता दुपारची झोपही लवकर उघडते. मी उचलायच्या आधी तिनंच माझ्या हातातून फोन घेतला, आणि ते काही विचारायच्या आत, तोंडात घास असतानाच म्हणाली, "एकवीस-तेरा, एकवीस-सतरा. आजोबा, दुसऱ्या गेमला सतरा-सतरा होते."

पलीकडून बाबा काहीतरी बराच वेळ बोलत होते. ती मान हलवत ऐकत होती. मग एकदम हसली आणि फोन खांद्यात धरून भेळवाल्याला म्हणाली, "काका, कैरी घाला अजून."